दिवा वाढव

आमच्या घरात ‘विझव’ हा शब्द नव्हता. आईच्या तोंडून तो मी कधी ऐकला नाही. दिवा ‘वाढवायचा’, बांगडी फुटली तर ती ‘वाढली’, देवापुढचा नारळ ‘वाढवायचा’ आणि समोरच्या वाण्याने फळ्या लावल्या की त्याने ‘दुकान वाढवलं’. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, तो उलटा करून बोलायचा, एवढं साधं शास्त्र. अडचण अशी की वरच्या मजल्यावर माझ्या वडिलांचा, आबांचा, फोटोचा स्टुडिओ होता आणि तिथे हाच शब्द सरळ चालायचा. कंदील वाढव म्हणजे वात वर कर, उजेड जास्त कर. जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. त्या मी दिवसातून वीस वेळा चढायचे-उतरायचे, आणि वर असताना वरचा अर्थ, खाली असताना खालचा, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही विचित्र आहे हेसुद्धा मला कळत नव्हतं. चौदा वर्षांची होईपर्यंत मी त्यात एकदाही चुकले नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दावरून झालं आणि माझ्या हातून झालं.

घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत होतं. खाली दोन खोल्या आणि माजघर, वर एक लांब खोली आणि तिच्यावर उत्तरेकडे उतरतं काचेचं छप्पर. पहाटे गवळी दारात म्हशी आणून धार काढून द्यायचे, चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आधी बारीक आणि मग भरत भरत जाड होत जायचा. मागच्या तालमीतून शड्डू ऐकू यायचे. त्यानंतर आईची भाकरी. थापटीचा आवाज हे आमच्या घराचं घड्याळ होतं. तो चालू असेपर्यंत ज्याने त्याने आपापलं काम करायचं आणि तो थांबला की हात धुऊन पाटावर यायचं, कुणी कुणाला हाक मारायची नाही. गरम भाकरी, खर्डा, त्यावर दही, कधी वांग्याचं भरीत. आबा जेवताना बोलत नसत. त्यांच्या बोटांना हायपोचा, फोटो पक्का करायच्या खारट औषधाचा, वास असायचा आणि आई म्हणायची, तुमच्या ताटात मीठ वेगळं वाढायला नको. आई कोल्हापूरच्या बायकांसारखी ‘मी जातो, मी येतो’ असं बोलायची. लग्न होऊन मी बाहेरगावी गेले तेव्हा ते पुरुषी बोलणं आहे असं सांगून लोकांनी मला हसून घेतलं. मी ते बदललं. पण तिचं बोलणं लिहिताना बदलणार नाही.

आबांचा धंदा चांगला चालायचा. लग्नाची जोडपी, बारशाची बाळं, गदा खांद्यावर घेतलेले पैलवान. निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिलीने चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्याकडे काम होतं वहीचं. मला लिहिता यायला लागलं तेव्हापासून कुठल्या खोक्यात किती काचा, कुठली बाटली कधी भरली, कुणाचा फोटो कधी द्यायचा, हे मी रकाने आखून लिहायचे. आई म्हणायची, ही पोरगी सासरी मिठाच्या खड्यांची पण यादी करेल. तसं फारसं चुकलं नाही. नोकरीत मी सतरा वर्षं एका दवाखान्याचं भांडार सांभाळलं.

सुरुवात कंदिलाच्या काचेपासून झाली. एका संध्याकाळी आबा म्हणाले, काच पुसलेली नाही का? आईने ती राखेने घासून, धुऊन, पुसून परत बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आईने उन्हात धरून दाखवली, एक डाग नव्हता. आबा म्हणाले, दिव्याला खळं पडतंय. चंद्राला पावसाळ्यात पडतं तसं गोल कडं, आणि त्याला रंग. त्यानंतर महिनाभर आई रोज दुपारी घरातल्या प्रत्येक दिव्याची काच घासत होती. स्वच्छ काच घासणारी आई मला अजून दिसते. करण्यासारखं दुसरं काही तिच्या हातात नव्हतं, म्हणून ती ते करत होती.

मग आबा दोनदा मिरजेला जाऊन आले. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती दिवस राहील ते सांगता येत नाही. आईने त्यातला ‘काच’ एवढाच शब्द धरला. वरच्या फोटोच्या काचांची कपची डोळ्यात गेली असणार, असं तिच्या मनाने घेतलं आणि ते शेवटपर्यंत निघालं नाही. ती मला गुपचूप विचारायची, काच आहे तर काढता का येत नाही, काटा काढतात तसा? मी शाळेत जाणारी, मला माहीत असायला हवं होतं. मी शाळेच्या पुस्तकात शोधलं. डोळ्याचं चित्र होतं, त्यात बाण काढून नावं दिली होती, पण आबांच्या डोळ्यात काय झालं आहे त्याला बाण नव्हता.

पुस्तकाची गोष्ट आबांनी एका दुपारी काढली. ते म्हणाले, बारा फोटो काढायचे, बारा निरनिराळ्या उजेडांत. प्रत्येक दिवा वेगळा, प्रत्येक माणूस वेगळा. कापडी बांधणीचं, काळ्या पानांचं पुस्तक करायचं. मी विचारलं, कुणासाठी? त्यांनी माझी वही माझ्यापुढे सरकवली. मी वही उघडून रकाने आखले: क्रमांक, दिवा, माणूस, आकडे, शेरा. ‘आकडे’ म्हणजे कॅमेऱ्याची टोपी काढून ठेवायची तेवढी सेकंदं. ती मी मोठ्याने मोजायची, हे आधीपासूनच माझं काम. शेवटी मी विचारलं, फोटोखाली नावं लिहायची ना?

“माणसाचं न्हाय लिहायचं,” आबा म्हणाले. “दिव्याचं लिही. माणसं काय, सगळी वळकीचीच हायत.”

पहिला फोटो माझा, काचेच्या छपरातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात. दुसरा शेजारच्या तानूमावशींचा, कंदिलाच्या उजेडात, आणि तिथेच काच वाया गेली. खिडक्या झाकून अंधार केला, कॅमेरा लावला, तानूमावशी पदर सारखा करून बसल्या, आबांनी टोपी काढली आणि मी कंदील लावला. त्याबरोबर मावशींनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि दिव्याला नमस्कार केला. फोटोत तोंड नाहीच, नुसते हात. आबा हसायला लागले. मावशींना काही कळेना. “मी काय हालतोय व्हय?” त्या म्हणाल्या. “दिवा लागल्यावर हात जोडायचं न्हाईत तर काय टाळ्या वाजवायच्या?” तेव्हापासून आम्ही नियम केला की आधी दिवा लावायचा, माणसाचा नमस्कार होऊ द्यायचा आणि मग टोपी काढायची. गॅसबत्तीपासून विजेच्या बल्बपर्यंत एकानेही नमस्कार चुकवला नाही. शाळेचे मास्तर बल्बखाली बसले होते, कोटाच्या गुंड्या लावून, शास्त्र शिकवणारे. मी बटण दाबलं आणि त्यांचे हात आपोआप छातीशी आले. मग ते माझ्याकडे बघून खाकरले.

बाराही सांगत बसत नाही. पण तालमीतल्या शिवा पैलवानाचं सांगते. त्याला दाराआड सावलीत बसवून बाहेरचं ऊन आरशाने त्याच्या तोंडावर टाकायचं होतं. ऊन जातं-येतं म्हणून आबांनी भिंगाचं भोक अगदी बारीक ठेवलं आणि चाळीस आकडे लावले. विसाव्याला शिवाची मान लटपटायला लागली, पंचविसाव्याला घाम. “आबा, हजार बैठका सांगा, मारतो,” तो म्हणाला, “पण ह्ये न्हाय जमायचं.” तीन काचा गेल्या. पोस्टमनचा फोटो सायकलच्या डायनामोवर. सायकल स्टँडवर, दिवा मागे वळवून त्याच्या तोंडावर, आणि मागचं चाक फिरवायला त्याचा थोरला भाऊ खाली बसून पायडल हाताने मारतोय. फोटो झाल्यावर भाऊ उठला, कंबर धरली आणि म्हणाला, एवढ्यात मी कळंब्याला जाऊन आलो असतो. नंतर आम्ही खरंच कळंब्याला गेलो. तिथे तळ्याच्या पाण्यावरून वर उडणारं सकाळचं ऊन आबांना एका धुणं धुणाऱ्या बाईच्या हनुवटीखाली हवं होतं. गुऱ्हाळावर गेलो तेव्हा चुलाणात चिपाडं टाकून गुळव्याला आगीसमोर उभं केलं. तो म्हणाला, “पावणं, तोंड भाजल्यावर फोटू कुणाचा म्हणून वळखणार?” त्याने आम्हाला वाटीभर गरम काकवी दिली. आबांनी वाटी तोंडाशी नेताना थोडी सदऱ्यावर सांडली. वाटीची कड कुठे आहे ते त्यांना दिसलं नव्हतं. मी पुसायला गेले, तर त्यांनी हात बाजूला केला.

सहावा-सातवा फोटो होईपर्यंत कॅमेऱ्यामागचं काम माझ्याकडे आलं होतं. काळ्या कपड्याखाली आबांबरोबर मीही डोकं घालायचे. मागच्या धुरकट काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. आबा भिंग पुढे-मागे करायचे आणि विचारायचे, “डोळं आलं?” मी म्हणायचे, अजून थोडं मागे. “आता?” आलं. त्या कपड्याखाली खूप गरम व्हायचं, आणि आमची डोकी एकमेकांना लागायची. बाहेर आल्यावर ते माणसाला सांगायचे, लख्ख दिसतोयस. कुणाला काही कळत नव्हतं. मला कळत होतं आणि मी वहीत त्याचा रकाना केला नाही.

घरात मात्र रोज एक प्रश्न ठरलेला होता. दिवेलागणीला आई देवापुढची समई लावायची, हात जोडायची आणि मग आबांकडे वळून विचारायची, “दिवा दिसतोय न्हवं?” आबा म्हणायचे, “दिसतोय की.” एवढंच. आम्ही तिघांनी मनाशी असं धरलं होतं की माणसं दिसेनाशी झाली, अक्षरं गेली, पायरी चुकायला लागली, तरी उजेड दिसतो आहे तोवर डोळे आहेत. आबा बाहेरच्यांनाही तेच सांगायचे. “माणूस दिसत न्हाय, उजेड दिसतोय. फोटो काढणाऱ्याला आणि काय पायजे?” गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जायचं.

अकरावा फोटो हुपरीला झाला. तिथे घराघरात पैंजण करतात. आबांच्या ओळखीचा एक कारागीर चांदी गाळत होता. त्याने मूस भट्टीतून वर काढली तेव्हा त्याच्या तोंडावर जो उजेड पडला त्याला नाव काय द्यायचं ते मला अजून कळलेलं नाही. वहीत मी ‘चांदी’ लिहिलं. आबा एकदम म्हणाले, “ह्ये दिसलं. सुमे, ह्ये दिसलं बघ.” परतीच्या बसमध्ये ते सगळा वेळ बोलत होते. मी इतकी खूष झाले की वहीत अकराव्या ओळीखाली दुहेरी रेघ मारली आणि बाराव्या ओळीत ‘समई’ आणि ‘आई’ हे दोन शब्द आधीच लिहून टाकले.

आईचा फोटो शेवटी ठेवायचा, हे आईनेच ठरवलेलं. “मी शेवटाला बसतो,” असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. आता अकरा झाले, खोक्यात एकच काच उरली होती आणि ती बसायला तयार होईना. आज उपास, उद्या पापड, परवा डोकं दुखतंय. मी तिच्या मागे लागले. मला रिकामी ओळ बघवत नाही, आजही बघवत नाही, बाजाराच्या यादीतली एक वस्तू राहिली तर मी रिक्षा परत फिरवते. शेवटी एक दिवस ती कणगीतून ज्वारी काढत होती. आमच्याकडे कणगी कधी खरवडून रिकामी करायची नाही, तळाला मूठभर राहू द्यायची, अशी पद्धत होती. ती मूठ दाखवून ती मला म्हणाली, “एक ऱ्हाऊ दे की गं शिल्लक. शिल्लक ऱ्हायलं की सरत न्हाय.”

तेव्हा मला ते कळलं नाही. तिला वाटत होतं की पुस्तकाचा एक फोटो राहिला आहे तोवर आबांचे डोळे त्याच्यासाठी थांबतील. मी चौदा वर्षांची होते आणि माझ्याकडे वही होती. मी आबांना जाऊन सांगितलं की आई टाळते आहे. आबा खाली आले, माजघराच्या उंबऱ्यावर बसले आणि तिला म्हणाले, “अगं, आता बस. लई दिवस न्हाईत.” ती बसली. हे सगळं मी घडवून आणलं, हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

वर यायला तिने नकार दिला. समई देवापुढून हलवायची नाही आणि तिला सोडून मी कुठे जिना चढू, असं तिचं म्हणणं. म्हणून कॅमेरा खाली माजघरात आणला. तो तिथे पहिल्यांदाच आला होता. दिवेलागण झाली. आईने समई लावली, पाचही वाती, हात जोडले. आम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या. रोजचा प्रश्न तिने त्या दिवशी विचारला नाही, गडबडीत राहिला असं मला वाटलं. मी कपड्याखाली गेले. धुरकट काचेवर उलटी आई, उलटी समई, ज्योती खाली लोंबल्यासारख्या. डोळं आलं? आलं. मी काच बसवली. आबा म्हणाले, आज आकडे मी मोजतो, तू समईपाशी उभी राहा, वारा आला तर आडवी हो. तीस-चाळीस लागतील, असं आधी बोलणं झालं होतं.

आबांनी टोपी काढली आणि मोजायला लागले. आई अशी बसली होती की मी तिला तशी कधी पाहिलीच नव्हती. ती कायम हलणारी बाई. आता हात मांडीवर, डोळे उघडे, बांगड्यांचा आवाज नाही. ज्योती सरळ उभ्या होत्या. मी समईच्या उजव्या बाजूला. सव्वीस, असं आबा म्हणाले आणि त्याच सुरात, न थांबता पुढे म्हणाले, “सुमे, दिवा वाढव.”

समई नीट जळत होती. पाचही वाती, भरपूर तेल. वाढवायला काही नव्हतं. मी खाली होते, माजघरात, आईच्या समईपाशी, आणि खाली वाढव म्हणजे एकच. मला वाटलं, झाला फोटो. मी काडीने एकेक वात मागे सारून तेलात बुडवली. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. पाचवी वात बुडाली तेव्हा एकतीस झाले होते, आणि माजघरात डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख झाला. मी आबांच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिले.

“बत्तीस,” आबा म्हणाले. “तेहतीस. चौतीस.”

ते मोजत होते. मला एकदम सगळं कळलं, की त्यांना वात वर करून हवी होती, की त्यांना दिवा कमी वाटला म्हणून त्यांनी तसं सांगितलं, की मी तो बंद केला, आणि तो बंद झालेला त्यांना कळला नाही. मी तोंड उघडलं. काय म्हणणार? आबा, दिवा नाही? त्यांना मी सांगायचं, की काळोख आहे? आईकडून काहीच आवाज आला नाही. ती हलली असती तर बांगड्या वाजल्या असत्या. काळोखात ती तशीच बसून होती, फोटो काढून घेत. पन्नास झाले. विझलेल्या वातींचा तो कडवट वास सगळ्या माजघरात पसरला होता. माझ्या हातातली काडी तेलाने बुळबुळीत झाली होती आणि ती कुठे ठेवावी ते मला सुचत नव्हतं. साठाला ते थांबले. टोपी चाचपून बसवल्याचा आवाज आला.

“झालं,” आबा म्हणाले. “आता वाढव तो. तेल कशाला जाळायचं.”

या वेळी त्यांनी तो शब्द आईच्या अर्थाने म्हटला. मी हलले नाही.

“वाढवला,” आई म्हणाली.

मग तिने काडी ओढली आणि समई परत लावली. आबा कॅमेऱ्याला हात लावून उभे होते, तोंड समईकडे, पापणीसुद्धा न हलवता. आईने हात जोडले. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि काही न विचारता भाकरीच्या पिठाचा डबा काढायला गेली. तो प्रश्न तिने नंतर कधीच विचारला नाही.

काच मी दुसऱ्या दिवशी धुतली, वर, लाल दिव्याच्या उजेडात. आबा दाराशी स्टुलावर बसले होते. बराच वेळ काही आलंच नाही. मग हळूहळू, पातळ, एक गाल, कानातली कुडी, आणि डोळे. बाकी काच कोरी. जेवढा उजेड होता तेवढीच ती आली होती. आबांनी विचारलं, कसा आलाय? मी म्हटलं, चांगला आलाय. किती आकडे लिहिलेस? साठ. ते ‘बरं’ म्हणाले आणि बोटं सदऱ्याला पुसली.

आता माझं वय तेव्हाच्या आबांपेक्षा जास्त आहे. हा रोग घरात उतरतो म्हणून मी दर सहा महिन्यांनी डोळे तपासून घेते, तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेल्या असतात. यंत्रावर हनुवटी टेकवून बसलं की समोर एक बारीक दिवा येतो आणि डॉक्टर म्हणतात, हलू नका. दर वेळी मी मनात आकडे मोजते आणि दर वेळी एकतीसपाशी अडते. कारण एक गोष्ट मला तेव्हाच ऐकू आली होती. आबांचे आकडे घड्याळासारखे पडायचे, आणि त्या दिवशी एकतीसनंतर बत्तीस यायला वेळ लागला होता. दोन आकड्यांएवढा, कदाचित तीन. ज्या माणसाला बाटलीचं बूच न काढता आतलं औषध उतरलंय की नाही ते वासावरून कळायचं, त्याला विझल्या वातीचा वास कळला नसेल, हे शक्य नाही. त्याआधी ज्योती सरळ असताना त्यांना दिवा ‘वाढवावा’ असं का वाटलं, तेही मी आता विचारत नाही. शेऱ्याच्या रकान्यात मी तेव्हाच लिहून ठेवलं आहे, शाई फिकट झाली तरी वाचता येतं: ‘३१ नंतर थांबले.’

आठ-दहा दिवसांनी फोटो चिकटवायचं काम काढलं. आबा पाटावर, समोर काळ्या पानांचं पुस्तक, मी पांढऱ्या शाईने लिहितेय. दिवसाचा उजेड. कंदील. आरसा. बल्ब. गॅसबत्ती. सायकल. चुलाण. प्रत्येक नाव लिहून झालं की मी मोठ्याने वाचायचे आणि ते मान हलवायचे. आतून भाकरीचा आवाज येत होता. बाराव्या पानावर आले. आईचा फोटो चिकटवला, कोपरे दाबले आणि विचारलं, समई लिहू?

“नको,” आबा म्हणाले. “ह्याच्याखाली दिव्याचं नाव नको.”

“मग?”

“माणसाचं लिही.”

“आई, असं लिहू?”

“आई तुझी. पुस्तकात नाव लिहित्यात.” आमच्याकडे नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. ‘अगं’ याच्यापलीकडे त्यांनी तिला काही हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती, आणि लग्नातला उखाणा सोडला तर तिनेही ऐकली नसणार. “गोदावरी लिही,” ते म्हणाले, मला ऐकू जायला हवं त्याच्यापेक्षा जरा मोठ्याने.

आत थापटीचा आवाज थांबला. मी सवयीने उठायला लागले, हात धुवायला. मग तो पुन्हा सुरू झाला.